खोक्यावर ५६, पडद्यावर ४४

प्रश्न : अमेरिकेत एओएल कंपनीने ३० सप्टेंबर २०२५ रोजी डायल-अप सेवा बंद केली, ही बातमी वाचून बाबांनी माळ्यावरचा आमचा जुना मोडेम खाली काढला. खोक्यावर ‘५६ के’ असं ठसठशीत छापलंय. बाबा म्हणतात, आपल्याकडे ५६ कधी लागलंच नाही. चांगल्या दिवशी ४४, नाहीतर २८. शेजारच्या काकांकडे मात्र सदैव एक लाख पंधरा हजार! मग फसवत कोण होतं? मोडेमची कंपनी, टेलिफोन खातं की शेजारचे काका?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी काकांचा निकाल लावू, तो सोपा आहे. १,१५,२०० हा टेलिफोनच्या तारेवरचा वेग नव्हताच. संगणकापासून मोडेमपर्यंत जी हातभर केबल असते, तिच्यावरचा तो वेग. मोडेम जो आकडा कळवेल तोच विंडोज दाखवायची. काही मोडेम तारेवरचा वेग कळवत, काही या केबलचा. मोडेमच्या ‘एक्स्ट्रा सेटिंग्ज’ या रकान्यात ‘डब्ल्यू२’ ही आज्ञा घातली की बऱ्याच मोडेमांचा आकडा ताळ्यावर येई. काकांनी ती घातली असती, तर त्यांचं पितळ तिथेच उघडं पडलं असतं.

आता तुमचे ५६. त्यासाठी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये डोकवावं लागेल. माणसाचं बोलणं कळायला साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढा पट्टा पुरतो, म्हणून एक्स्चेंज तेवढाच ठेवतं आणि बाकीचं गाळून टाकतं. डिजिटल एक्स्चेंज या आवाजाचं सेकंदाला ८,००० वेळा माप घेतं आणि प्रत्येक माप ८ बिटांत, म्हणजे २५६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवतं. माप दोन पायऱ्यांच्या मध्ये पडलं तर जवळच्या पायरीवर ढकललं जातं. या ढकलाढकलीत मूळ आवाजात थोडी चूक शिरते आणि ती कायमची राहते. कानाला ती कळत नाही. मोडेमच्या दृष्टीने मात्र तो गोंगाटच.

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये गणिताने दाखवून दिलं होतं की पट्टा किती रुंद आणि गोंगाट किती, यावर कोणत्याही वाहिनीची कमाल मर्यादा ठरते. ३,१०० हर्ट्झचा पट्टा आणि गोंगाटाच्या हजारपट ताकदीचा संदेश धरला, तर ही मर्यादा सेकंदाला सुमारे ३१,००० बिट्स येते. लाइन याहून स्वच्छ असेल तर थोडी वर सरकते. १९९६ च्या सुमारास ‘व्ही.३४’ या मानकाचे मोडेम ३३,६०० पर्यंत पोचले, तेव्हा गाडी शेवटच्या स्टेशनात आली असंच जाणकारांना वाटत होतं.

मग ५६,००० आले कुठून? इंटरनेट कंपनी तिच्या बाजूने एक्स्चेंजला थेट डिजिटल लाइनने जोडलेली असेल, तर तिच्याकडून येणाऱ्या माहितीचं वाटेत माप घ्यावंच लागत नाही. आकडे आकड्यांच्याच रूपात तुमच्या एक्स्चेंजपर्यंत येतात. तिथे त्यांचं विजेच्या दाबात रूपांतर होतं आणि आलेला दाब २५६ पैकी कोणत्या पायरीचा, एवढंच तुमच्या मोडेमने ओळखायचं. शून्याजवळच्या पायऱ्या इतक्या दाटीवाटीने असतात की घरापर्यंतच्या तारेवर त्या एकमेकींत मिसळतात. म्हणून ८ पैकी ७ बिटच धरायचे. ८,००० गुणिले ७, झाले ५६,०००.

या हिशेबाला अटी मात्र बऱ्याच. हा वेग फक्त येताना. जाताना तुमच्या मोडेमचा आवाज एक्स्चेंजमध्ये मापला जाणारच, त्यामुळे तिकडे ३३,६०० च्या वर जाणं नाही. त्यामुळेच फोटो उतरवून घ्यायला लागे त्याहून तो ई-मेलने पाठवायला जास्त वेळ लागायचा. शिवाय कंपनीपासून तुमच्या घरापर्यंत डिजिटल आकड्यांचं विजेच्या दाबात रूपांतर एकदाच व्हायला हवं. वाटेत कुठे दुसऱ्यांदा झालं की ५६ ची युक्ती संपली आणि मोडेम मुकाट्याने व्ही.३४ वर उतरला. खुद्द अमेरिकेत तर लाइनवरच्या ताकदीला सरकारी मर्यादा होती, म्हणून तिथे ५३,३३३ च्या वर कोणी जाऊच शकत नव्हतं. खोक्यावर तरीही ५६ च छापत.

यातून एक गंमत निघते. पडद्यावरचा आकडा नुसता किती मोठा हे पाहू नका, तो कोणत्या घराण्यातला आहे ते पाहा. ५६ वाल्या ‘व्ही.९०’ मानकाचे वेग १,३३३ आणि एक तृतीयांश अशा पावलांनी चढतात : ४१,३३३, ४२,६६६, ४४,०००, ४५,३३३, ४६,६६६. व्ही.३४ चे २,४०० च्या पावलांनी : २४,०००, २६,४००, २८,८००, ३१,२००, ३३,६००. तुमच्या बाबांना ४४,००० लागत होते, म्हणजे त्यांची लाइन ५६ च्या लायकीची होती आणि फक्त तारेच्या लांबीने व गोंगाटाने वरच्या काही पायऱ्या खाल्ल्या होत्या. आता त्यांना नीट आठवून सांगायला सांगा : दुसरा आकडा २८,००० होता की २८,८००? २८,००० ही व्ही.९० ची सगळ्यात खालची पायरी. ती असेल तर युक्ती चालू होती, लाइन आजारी होती. २८,८०० असेल तर त्या दिवशी ५६ ची युक्तीच बंद पडली होती. दोन आकड्यांत फरक जेमतेम आठशेचा, पण पहिल्यात दोष घराजवळच्या तारेत शोधायचा आणि दुसऱ्यात सगळ्या वाटेवर.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळा आला की नेट रखडायचं आणि मध्येच तुटायचं. फोनवर बोलणं मात्र स्वच्छ ऐकू यायचं. लाइनमन बोलून बघायचा आणि ‘लाइन ओके आहे’ म्हणून जायचा. तो खोटं बोलत होता का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : नाही. त्याच्या कानाला लाइन खरोखरच ओके होती. बोलताना अर्धा शब्द खरखरीत गेला तरी आपण संदर्भाने तो पुरा करतो. मोडेमला संदर्भ नसतो. ३३,६०० च्या वेगात मोडेम सेकंदाला ३,४०० हून जास्त खुणा पाठवतो आणि एकेका खुणेत जवळजवळ दहा बिट कोंबलेले असतात. सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी खरखर आली, तर साडेतीनशेच्या आसपास खुणा वाया. मग ‘व्ही.४२’ या चूकदुरुस्तीच्या पद्धतीने तो तुकडा पुन्हा मागवला जातो. पडद्यावर तुटल्याचं काही दिसत नाही, फक्त पान पुढे सरकत नाही. खरखर वारंवार येऊ लागली की दोन्ही मोडेम काही सेकंद माहिती थांबवून लाइन नव्याने तपासतात आणि खालच्या वेगावर तडजोड करतात. खाली उतरायला ते तत्पर असतात, वर चढायला नाखूष. विंडोजच्या कोपऱ्यातलं चिन्ह मात्र जोडणीच्या क्षणी लागलेला आकडाच दाखवत बसे. त्यामुळे सकाळी ४४ वर जोडलेला माणूस दुपारी २४ वर खुरडत असला, तरी त्याला ते कळायचं नाही.

पावसाचा संबंध जोडांशी. एक्स्चेंजपासून निघालेली तुमची तारेची जोडी जमिनीखालच्या केबलमधून रस्त्याकडेच्या कॅबिनेटमध्ये, तिथून खांबावरच्या डब्यात आणि डब्यातून ड्रॉप वायरने घरात येते. प्रत्येक टप्प्यावर जोड असतो. तांब्याला सहसा काही होत नाही, जोड बिघडतात. घराच्या भिंतीवरच्या रोझेटचं झाकण जुन्या घरात उघडून पाहिलंत तर हे समोरच दिसेल. आत स्क्रू, त्यांच्याखाली पिळून दाबलेल्या तारा, आणि बहुतेक वेळा एका स्क्रूवर दुसऱ्यापेक्षा जास्त हिरवा थर. दोन तारांमध्ये ४८ व्होल्टचा दाब कायम असतो. ओल आली की मधून बारीक प्रवाह झिरपतो आणि एका बाजूचं तांबं झिजत राहतं. कोकणात खारी हवा त्यात भर घालते आणि मुंग्यांना तर हा डबा फारच आवडतो. अशा कळकलेल्या जोडातून बोलणं जातं. मोडेमला लागणारी स्वच्छता मात्र जात नाही.

केबलमध्ये पाणी शिरलं की आणखी दोन गोष्टी होतात. शेजारच्या जोडीवरचं बोलणं तुमच्या जोडीवर पुसटसं ऐकू येऊ लागतं. आणि दोन तारांपैकी एक जमिनीकडे गळू लागली की जोडीचा तोल जातो. दोन्ही तारांवर सारखीच येणारी विजेच्या लाइनची ५० हर्ट्झची गुणगुण एरवी आपोआप कापली जाते. तोल गेला की ती कापली जात नाही.

लाइनमनला हे दाखवून देण्याची एक साधी युक्ती होती आणि ती आजही तांब्याच्या लाइनवर चालेल. रिसीव्हर उचला, कोणताही एक आकडा दाबा. डायल टोन बंद होतो आणि काही सेकंद लाइन निखळ शांत असायला हवी. त्या शांततेत काय ऐकू येतं ते ऐका. हलणारी, तुटक खरखर म्हणजे ढिला किंवा गंजलेला जोड. एकसुरी गुणगुण म्हणजे तोल गेलेली जोडी. दुसऱ्यांचं बोलणं म्हणजे ओली केबल. तक्रारही शहाण्या माणसाने तशीच नोंदवायची. टेलिफोन खात्याची बांधिलकी बोलण्यापुरती होती, नेटच्या वेगाची हमी कोणी दिलेली नव्हती. १९८ वर ‘नेट स्लो आहे’ म्हटलं की तक्रार तिथेच मावळायची. ‘लाइनवर खरखर आहे, बोलणं नीट ऐकू येत नाही’ म्हटलं की माणूस शिडी घेऊन यायचा. आणि तो खांबावर चढण्याआधीच रिसीव्हर त्याच्या कानाला लावून ती शांतता ऐकवली, तर डब्यातला जोड कापून नवा केल्याशिवाय तो खाली उतरत नसे.

वळवाच्या पावसाचं प्रकरण वेगळं. जवळपास वीज पडली की तारेवरून येणारा झटका मोडेमचा बळी घ्यायचा. पुरता मेला तर कळायचं तरी. काही मोडेम अर्धमेले व्हायचे : डायल करायचे, जोडणी व्हायची, पण पूर्वीचा वेग परत यायचा नाही. लाइनमन तीनदा येऊन गेला तरी सुधारणा नाही, असं दिसलं की दुसऱ्याचा मोडेम आणून लावून बघणं हाच उपाय.

प्रश्न : रात्री स्वस्त वेळेत जोडायचो. पडद्यावर ४८,००० लागायचे, तरी पान उघडेपर्यंत चहा होऊन जायचा. आकडा चांगला आणि नेट वाईट, हे कसं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ४८,००० हा तुमच्या घरापासून इंटरनेट कंपनीच्या दारापर्यंतचा वेग. दारापलीकडे काय चाललंय हे मोडेमला ठाऊक नसतं. साधा हिशेब करा : कंपनीकडून पुढे जाणारी २ मेगाबिटची लाइन असेल आणि त्या वेळी २०० जण एकदम माहिती ओढत असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला १०,००० बिट्स. स्वस्त वेळ सगळ्यांचीच स्वस्त असते, आणि गर्दी नेमकी तेव्हाच.

दुसरी अडचण अंतराची. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह चार महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हापासून पुढची काही वर्षं आपण बघत होतो ती बहुतेक पानं परदेशात ठेवलेली होती. समुद्राखालच्या केबलने गेलात तर ठीक. उपग्रहामार्फत गेलात, तर तो ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. संदेश वर जाऊन खाली यायला पाव सेकंदाच्या आसपास, उत्तरालाही तेवढाच. मोडेमचा स्वतःचा उशीर त्यात मिळवा. एका पानावर पाचपंचवीस छोटी चित्रं असतील, तर प्रत्येकासाठी ही येरझार. वेग कितीही असो, येरझाऱ्यांचा वेळ वाचत नाही. यावर उपाय एकच होता : ब्राउझरमध्ये चित्रं बंद करून ठेवायची आणि हवं तेवढंच चित्र उघडायचं.

युनिकोड रुळण्याआधी मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांना आपापले फॉन्ट लागत, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. बातमीआधी फॉन्ट उतरवायचा. पुढे तो संगणकावर राहायचा, पण पहिल्या वेळी ‘मराठी पानं फारच हळू’ अशी समजूत होऊन बसायची, ती कायमची.

तिसरं कारण आकड्यांच्या घोटाळ्याचं. जोडणीचा वेग बिटांत सांगत आणि डाउनलोडच्या खिडकीतला वेग बाइटमध्ये. एका बाइटमध्ये ८ बिट. ४४,००० ला ८ ने भागा : साडेपाच हजार बाइट, म्हणजे खिडकीत सेकंदाला ५ ‘केबी’च्या आसपास. ‘४४ लागले आणि मिळतात ५’ अशी तक्रार करणाऱ्याला खरं तर पुरेपूर मिळत होतं. या हिशेबाने १ मेगाबाइटची फाइल ४४,००० वर उत्तम परिस्थितीत ३ मिनिटं १० सेकंदांत यायची, २८,८०० वर जवळजवळ ५ मिनिटांत. तुमचा वेळ याच्या आसपास असेल, तर दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

मजकूर मात्र कधी कधी या हिशेबालाही मागे टाकायचा. मोडेम ‘व्ही.४२ बिस’ पद्धतीने मजकूर वाटेत दाबून पाठवत, त्यामुळे साधी ई-मेल झरझर यायची. जेपीईजी चित्रं, एमपी३ गाणी, झिप फाइली आधीच दाबलेल्या असतात, त्यांच्यातून मोडेमला आणखी काही पिळून काढता यायचं नाही.

प्रश्न : सायबर कॅफेत काम करणारा आमचा एक मित्र कुणाच्याही घरचं नेट सुधारून द्यायचा. ‘हाताला गुण आहे’ म्हणायचे लोक. तो नेमकं काय करत असे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : गुण हाताला नव्हता, क्रमाला होता. अशी माणसं एका वेळी एकच गोष्ट बदलत आणि प्रत्येक बदलानंतर तीनचारदा जोडून आकडा बघत. एका जोडणीवरून काहीच ठरत नाही, कारण दर वेळी वाट एक्स्चेंजांमधल्या वेगळ्या लाइनवरून जाऊ शकते.

पहिलं काम, घर आणि बाहेर यांची फाळणी. घरातले सगळे फोन काढायचे : स्वयंपाकघरातला पॅरलल फोन, कॉर्डलेस, कॉलर आयडीचा डबा, भिंतीकडेने फिरवलेली लांबलचक चपटी वायर. मोडेम आखूड वायरने थेट रोझेटला. आकडा वाढला तर दोष घरात. मग एकेक वस्तू परत लावायची. जिच्यानंतर आकडा पडला, ती गुन्हेगार. दुसऱ्या खोलीत नेऊन सोडून दिलेली, टोकाला काहीच नसलेली तारसुद्धा नडते. तिच्या टोकावरून संदेश परततो आणि मूळ संदेशात मिसळतो.

घरात दोष नसेल तर शांत लाइनची चाचणी. खरखर असेल तर लाइनमन. खरखर नसेल आणि आकडा तरीही व्ही.३४ घराण्यातला असेल, तर वाटेत कुठेतरी जादा रूपांतर होतंय असं समजायचं. सोसायटीचा किंवा ऑफिसचा स्वतःचा छोटा एक्स्चेंज मध्ये असेल, तर संशयित तोच. एका जोडीवरून दोन फोन चालवणारं ‘पेअर गेन’ यंत्र खांबाजवळ बसवलेलं असेल, तरी तेच. बिनतारी जोडणीवरचा फोन असेल तर आशाच सोडायची. बऱ्याच बिनतारी फोनांत बोलणं दाबून कमी बिटांत पाठवतात, आणि त्यात मोडेमच्या खुणांचा चुराडा होतो.

नंतर पलीकडचं टोक. त्याच लाइनवरून दुसऱ्या इंटरनेट कंपनीचा नंबर फिरवायचा. नोव्हेंबर १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाल्यावर हे शक्य झालं. तिकडे चांगला आकडा लागला, तर लाइन आणि मोडेम दोन्ही निर्दोष. १९९७-९८ च्या सुमारास इथे आणखी एक मेख होती. ५६ चे दोन पंथ निघाले होते, एक ‘के५६फ्लेक्स’चा, दुसरा ‘एक्स२’चा. त्यांची एकमेकांशी भाषा जुळत नसे आणि दोन्ही मोडेम ३३,६०० च्या आत उतरत. १९९८ मध्ये व्ही.९० हे समाईक मानक आलं. तरी जुन्या मोडेमला नवं सॉफ्टवेअर चढवल्याशिवाय ते कळत नव्हतं. कित्येक घरांतला ‘वेग वाढला’ हा चमत्कार एवढ्यावरच झालेला आहे.

शेवटी संगणक. स्वस्तातले आतल्या कार्डाचे मोडेम बरंचसं काम संगणकाच्या प्रोसेसरवर ढकलत. दुसरा एखादा प्रोग्रॅम प्रोसेसर अडवून बसला की जोडणी डगमगायची. बाहेरचा मोडेम असेल तर जुन्या संगणकातली सीरियल पोर्टची चिप बघायची. १६५५० जातीच्या चिपमध्ये १६ बाइटची राखीव जागा असते. त्याआधीच्या चिपमध्ये बाइट वेळेत उचलला नाही तर पुढचा त्याच्यावर येऊन आदळे.

आणि एक उलटा वाटणारा उपाय. लाइन वाईटच असेल तर हे लोक मोडेमला मुद्दाम कमी वेग बांधून देत, ४४ ऐवजी ३१,२०० किंवा २६,४००. हावऱ्यासारखा वर चढून दर पाच मिनिटांनी कोसळणारा मोडेम बिलाचे पल्स खातो. खालच्या वेगावर टिकून राहणारा तेवढ्याच पैशांत जास्त फाइली आणतो. ‘टर्बो’ नावाची वेगवर्धक सॉफ्टवेअरं विकत घेणाऱ्यांना हा उपाय पटायचा नाही, कारण यात आकडा कमी दिसतो.

प्रश्न : २००५ मध्ये आमच्याकडे ब्रॉडबँड आलं ते त्याच तारेवरून. खांब तोच, रोझेट तोच. जी तार ५६ हजार ओढू शकत नव्हती, तिच्यावर एकदम २५६ हजार कसे धावले?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तार कधीच कमी पडत नव्हती, हेच याचं उत्तर. ३,४०० हर्ट्झची कात्री एक्स्चेंजमधल्या आवाजाच्या यंत्रणेची होती. तांब्याची जोडी आखूड अंतरावर दहा लाख हर्ट्झपर्यंतचे संदेश वाहू शकते. फक्त ते अंतरागणिक लवकर क्षीण होतात. एडीएसएलने एवढंच केलं : बोलण्याचा पट्टा बोलण्याला ठेवला, माहिती त्याच्या वरच्या पट्ट्यातून पाठवली आणि एक्स्चेंजमध्ये तार पोचताच, आवाजाच्या यंत्रणेत शिरण्याआधीच माहिती बाजूला काढून घेतली. आपल्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ किलोबिट ही किमान रेषा ठरवली, तांत्रिक कमाल त्याच्या कितीतरी वर होती.

म्हणून ब्रॉडबँडच्या काळात एक्स्चेंजपासूनचं अंतर एकाएकी महत्त्वाचं झालं. आणि कळकलेला रोझेट तिथेही नडलाच. डायल-अपच्या काळात ज्यांनी जोड नीट करून घेतले होते, त्यांचं ब्रॉडबँडही कमी रखडलं.

प्रश्न : मूळ पत्राचं शेपूट. हा मोडेम आज चालवून बघता येईल का? घरी आता फायबर आहे आणि फोन त्याच डब्यातून चालतो.
– चिपळूणचेच वाचक

उत्तर : फायबरच्या डब्यातून चालणारा फोन म्हणजे आवाजाचे तुकडे करून ते इंटरनेटच्या पद्धतीने पाठवणं. आवाज न दाबता ६४,००० बिट्समध्येच पाठवला जात असेल, तर मोडेमची जोडणी कधी कधी होते. पण एखादा तुकडा उशिरा आला किंवा हरवला तर माणसाला न कळणारी ती फट मोडेमला लाइन तुटल्यासारखी वाटते. दोन टोकांची घड्याळं तंतोतंत जुळलेली नसल्याने ५६ ची युक्ती इथे धरून ठेवणं जवळजवळ अशक्य. शिवाय फिरवणार कोणाचा नंबर? पूर्वीचे १७२ ने सुरू होणारे इंटरनेटचे नंबर आता काय कामाचे!

त्यापेक्षा कुणाकडून दुसरा जुना मोडेम मिळवा आणि दोन्ही मोडेम टेलिफोनच्या साध्या वायरने एकमेकांना जोडा. मध्ये एक्स्चेंज नाही. दोन्हीकडे टर्मिनलचा प्रोग्रॅम उघडा. एकाला ‘एटीएक्स३डी’ आज्ञा द्या. तिचा अर्थ, डायल टोनची वाट न बघता पुढे हो. दुसऱ्याला ‘एटीए’, म्हणजे फोन उचल. काही मोडेमांना लाइनवर वीज असल्याशिवाय जाग येत नाही, पण बरेच जण यावर बोलू लागतात. उत्तर देणाऱ्याचा २,१०० हर्ट्झचा लांबलचक सूर आधी ऐकू येईल. तो दर ४५० मिलिसेकंदांनी पलटी खातो. वाटेतल्या प्रतिध्वनी मारणाऱ्या यंत्रांना गप्प करण्यासाठी ही पलटी असते. मग सुरांचा एक पुंजका, ज्यातून दोघेही तारेचा कोणता पट्टा कितपत चांगला आहे हे मोजतात. शेवटी फसफस, आणि मग आकडा. वायर हातभर, गोंगाट नाही, दोन्ही खोक्यांवर ५६, तरी आकडा ३३,६०० च्या वर जाणार नाही, कारण दोघांपैकी कुणाच्याच मागे डिजिटल लाइन नाही.

सुरू करण्यापूर्वी अडॅप्टर तेवढा तपासा. बाहेरच्या अनेक मोडेमांना एसी देणारा अडॅप्टर लागतो, आणि हल्लीचे घरातले बहुतेक अडॅप्टर डीसीचे असतात. पिन बसते म्हणून लावू नका. मोडेमच्या पोटावर छापलेलं व्होल्टेज आणि एसी-डीसीची खूण वाचा, अडॅप्टरवरची त्याच्याशी जुळवा, मगच बटण दाबा.